साक्षीदार खरा, पण साक्ष?

गावात खून झाला, आणि तोही घरातल्या घरात, म्हणजे नवऱ्याने बायकोचा किंवा भावाने भावाचा, की पारावरच्या न्यायालयाला निकाल द्यायला एक रात्र पुरते. सकाळी चहाच्या टपरीवर सगळे ठरून गेलेले असते. कोणी मारले, का मारले, कशाने मारले. एक जण म्हणतो, "अहो, तिच्या सख्ख्या आईनं सांगितलं, आता आणखी कसला पुरावा पाहिजे?" दुसरा म्हणतो, "आईच ती, ती तर सांगणारच! घरच्या माणसाची साक्ष कोर्ट धरत नसतं." तिसरा जरा जाणता असतो. तो म्हणतो, "एका साक्षीवर काही होत नाही राव, दोन तरी लागतात."

वाचकहो, या तिघांचीही मते चुकीची आहेत. ती केवळ खेड्यातच ऐकू येतात असे समजू नका. महाविद्यालयातल्या माझ्या वर्गात हाच प्रश्न टाकला, तर पदवीची मुलेही याच तीन उत्तरांत वाटली जातात. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की खुनाच्या खटल्यात, विशेषतः अपिलात, साक्षीदाराची साक्ष तोलतात तरी कशी? हा प्रश्न वकिलांपुरता नाही. उद्या तुमच्यापैकी कोणालाही साक्षीला उभे राहावे लागेल, आणि तुमच्या चार वाक्यांवर कोणाचा तरी जीव अवलंबून असेल.

आधी अपील म्हणजे काय ते बघू. सत्र न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो. सरकारी वकील त्याला विचारतात, मग आरोपीचे वकील उलटतपास घेतात. न्यायाधीश हे सारे डोळ्यांनी पाहत असतात. साक्षीदार कुठे अडखळला, कुठे गप्प झाला, कुठे इकडेतिकडे पाहू लागला, हे त्यांना दिसते. अपिलात मात्र तसे नसते. आपल्या संभाजीनगरात जालना रस्त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबाद खंडपीठ म्हणून ते सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. तेथे अपील चालते तेव्हा साक्षीदार सहसा येत नाहीत, कागद येतात. फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि खाली झालेल्या सगळ्या साक्षी. साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला वरचे न्यायालय मान देते. पण कागदाचाही एक गुण आहे. कागद शेजारी शेजारी मांडता येतात. घटनेनंतर दुसऱ्या दिवशी साक्षीदार काय म्हणाला आणि तीन वर्षांनी कोर्टात काय म्हणाला, हे ओळीला ओळ लावून पाहता येते. फाशीची शिक्षा असेल, तर आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाच्या मंजुरीवाचून ती अमलात येत नाही. म्हणजे ही दुसरी तोलणी कायद्यानेच आवश्यक मानलेली आहे.

आता टपरीवरच्या त्या तिघांकडे येऊ.

दुसऱ्याचे म्हणणे आधी घेतो, की घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1953 सालीच हा समज खोडून काढला. पंजाबातला खटला होता, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते व्हिव्हियन बोस, जे त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय साधा आहे. ज्याचे माणूस गेले, तो खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याच माणसाचे नाव कशाला घेईल? खरा गुन्हेगार सापडावा, ही तळमळ त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? शिवाय घरातला खून घरातलेच पाहणार. रात्री दोन वाजता माजघरात तालुक्याचा तलाठी कुठून येईल? पण बोस यांनी नाण्याची दुसरी बाजूही सांगितली. जिथे जुने वैर आहे, डोकी तापलेली आहेत, तिथे खऱ्या गुन्हेगाराच्या बरोबरीने एखाद्या निरपराध माणसाचेही नाव गोवण्याची वृत्ती असते. आपल्याकडची भाऊबंदकी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मारणारा एक असतो, आणि फिर्यादीत त्याचा बाप, भाऊ, मेहुणा अशी पाच नावे येतात. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

तिसरा म्हणतो दोन साक्षी लागतात. तसा कायदाच नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 134 होते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, आणि तेच कलम आता 139 झाले. कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असे ते कलम सांगते. 1957 साली मद्रास राज्यातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका चहाच्या दुकानदाराला त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत मारले होते. प्रत्यक्ष पाहणारी ती एकटीच. न्यायालयाने तिच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा कायम केली, आणि साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले. पूर्ण विश्वासाचा, पूर्ण अविश्वासाचा, आणि मधला. पहिल्याचे एकट्याचे म्हणणेही पुरते. दुसऱ्या प्रकारचे दहा आणले तरी उपयोग नाही. मधल्याच्या बाबतीत मात्र त्याच्या म्हणण्याला दुसरीकडून आधार आहे का, ते पाहावे लागते.

आणि बहुतेक माणसे या मधल्याच प्रकारातली असतात. तेव्हा न्यायाधीशाचे खरे काम तिथे आहे. इंग्रजी वकिलीत एक जुने लॅटिन वचन आहे, की एका बाबतीत खोटा तो सर्वच बाबतींत खोटा. आपल्या न्यायालयांनी ते जसेच्या तसे स्वीकारले नाही. तसे केले असते तर आपल्याकडे एकही साक्ष उभी राहिली नसती. थोडे तिखटमीठ लावल्याशिवाय आपल्याला सांगताच येत नाही! आपली न्यायालये साक्ष सुपात घालून पाखडतात. फोलपटे उडवतात आणि दाणा ठेवतात. दाणाच सापडला नाही, तर सगळे सूप रिकामे करतात.

फोलपट कोणते आणि दाणा कोणता? बारीकसारीक तफावत हे फोलपट. 1983 साली गुजरातमधल्या एका खटल्यात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी हे फार छान उलगडले आहे. माणसाचा मेंदू म्हणजे छायाचित्र काढणारे यंत्र नव्हे. घटना अचानक घडते. एकाचे लक्ष चेहऱ्याकडे असते, दुसऱ्याचे हातातल्या हत्याराकडे. किती वाजले होते, किती वेळ चालले, हे साक्षीदार अंदाजाने सांगतो. शिवाय कोर्टाचे वातावरण आणि वकिलाचे आडवेतिडवे प्रश्न यांनी साधा माणूस गोंधळतो. म्हणून एकाने साडेनऊ म्हटले आणि दुसऱ्याने दहा, तर साक्ष बाद होत नाही. उलट पाच साक्षीदार पाठ केल्यासारखे एकच वाक्य बोलू लागले, तर न्यायाधीशाला शंका येते, आणि ती योग्यच आहे.

पण मूळ गोष्टीतच बदल झाला, म्हणजे पहिल्या दिवशी मारेकऱ्याचे नाव नव्हते आणि महिन्याभराने आले, पहिल्यांदा "अंधारात ओळखू आला नाही" आणि नंतर "मी त्याला स्पष्ट पाहिले", तर तो दाण्यालाच लागलेला किडा आहे.

इथपर्यंत आपण खरे कोण, खोटे कोण याचा विचार केला. यापुढे जे सांगणार आहे ते अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे. साक्षीदार अगदी खरा माणूस असतो, शपथेला जागतो, कोणाचे वाईट चिंतीत नाही, आणि तरीही त्याची साक्ष चुकीची असू शकते. खरे बोलणे वेगळे आणि बरोबर बोलणे वेगळे.

शिक्षकमंडळींना हे वर्गात करून पाहता येईल. मी केले आहे. तास चालू असताना महाविद्यालयाचा शिपाई नोटीस घेऊन आला, दोन मिनिटे थांबून गेला. चार दिवसांनी मी मुलांना विचारले, "त्या दिवशी नोटीस आणली तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी होती का? कोणत्या रंगाची?" निम्म्या मुलांनी टोपीचा रंग सांगितला. एक मुलगी तर अगदी ठामपणे म्हणाली, "पांढरी होती सर, मी पहिल्याच बाकावर होते." शिपाईबुवा त्या दिवशी बोडकेच आले होते. मुलगी खोटारडी नव्हती. माझ्या प्रश्नातल्या टोपीने तिच्या आठवणीत जागा मिळवली, इतकेच. एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1974 साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. मग काहींना विचारले, "मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?" आणि काहींना विचारले, "मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या प्रश्नाला लोकांनी जास्त वेग सांगितला. इतकेच नव्हे, आठवड्याने विचारले तेव्हा त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेली काचही आठवली. फितीत काच फुटलेलीच नव्हती!

आता हे लक्षात ठेवून आपल्या महाराष्ट्रातले तीन खटले पाहू. तिन्ही घरातल्या मृत्यूंचे आहेत, आणि तिन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

पहिला पुण्याचा. 1982 च्या जूनमध्ये एका नवविवाहित तरुणीचा सासरी विषाने मृत्यू झाला. नवऱ्याने विष दिले असा आरोप होता. सत्र न्यायालयाने त्याला फाशी दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. पुराव्यात तिची पत्रे होती, आणि माहेरची माणसे व मैत्रिणी यांच्या साक्षी होत्या, की ती आम्हांला असे असे म्हणाली होती. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तरुणाला निर्दोष सोडले. न्यायमूर्ती फजल अली यांनी निकालात एक गोष्ट लिहिली आहे, तिचा भावार्थ असा. गेलेल्या माणसावर ज्यांचे प्रेम होते, ते नकळत वाढवून सांगतात. न ऐकलेल्या गोष्टीही ऐकल्यासारख्या वाटू लागतात. हे ते मुद्दाम करीत नाहीत. प्रेमापोटी, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याविषयीच्या चिडीपोटी ते घडते. म्हणून अशी साक्ष फार जपून पाहिली पाहिजे. लेक गेलेल्या आईला तिचे शेवटचे बोलणे शंभर वेळा आठवते, आणि दर वेळी दुःख त्यात एखादा शब्द घालून जाते. त्या आईला खोटी म्हणू नये. पण तेवढ्यावर दुसऱ्या आईचा मुलगा फासावरही देऊ नये. परिस्थितिजन्य पुरावा साखळीसारखा अखंड हवा, आणि त्यातून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताच निष्कर्ष निघता कामा नये, हे नियम याच निकालात नीट मांडले गेले. आजही देशभरची न्यायालये त्यांचा आधार घेतात.

दुसरा खटला आपल्या मराठवाड्यातला, नांदेड जिल्ह्यातला. 1996 च्या नोव्हेंबरमध्ये एक विवाहित स्त्री सासरी मरण पावली. माहेरी निरोप गेला, की साप चावला. आपल्या भागात साप चावून माणसे जातात, त्यात नवल काही नाही. अशा निरोपावर पुष्कळदा विश्वास बसतो आणि संध्याकाळच्या आत अग्नीही दिला जातो. येथे मात्र शवविच्छेदन झाले, आणि गळा दाबल्याने मृत्यू झाल्याचे निघाले. पाहणारा साक्षीदार? एकही नाही. प्रकरण आपल्या खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 ऑक्टोबर 2006 रोजी नवऱ्याची जन्मठेप कायम झाली.

साक्षीदार नाही, तर शिक्षा कशी? न्यायालय म्हणाले, की असे गुन्हे चार भिंतींच्या आत होतात. घरातले कोणी घरच्याविरुद्ध बोलत नाही. शेजाऱ्यांना माहीत असले तरी ते गप्प बसतात, कारण शेजाराशी वैर कोण घेईल? अशा वेळी सरकार पक्षाने आपला पुरावा मांडल्यावर, घरात काय घडले हे सांगण्याची जबाबदारी घरात असलेल्या माणसावरही येते. जी गोष्ट खास ज्याच्या माहितीतली, तिचा खुलासा त्याने करावा, असे जुन्या कायद्याचे कलम 106 आणि नव्याचे कलम 109 सांगते. त्याने खुलासा केला नाही, किंवा सापासारखा खोटा खुलासा केला, तर ती खोटी सबबच साखळीतली एक कडी होते. निरपराधाला शिक्षा होऊ नये एवढेच पाहायला न्यायाधीश बसलेला नाही. अपराधी निसटू नये हेही त्यालाच पाहायचे आहे, असे त्या निकालात सांगितले आहे. 1973 साली महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच दोन्ही बाजूंनी सांगितले होते. आरोपी 'कदाचित' अपराधी असणे आणि 'नक्की' अपराधी असणे यांत फार मोठे अंतर आहे, ते पुराव्याने तोडले पाहिजे. पण म्हणून प्रत्येक किरकोळ शंकेला संशयाचा फायदा म्हणून डोक्यावर घेऊ नये.

तिसरा खटला नाशिक जिल्ह्यातला. वाचकहो, तो सांगताना मन जड होते. 5 जून 2003 च्या रात्री पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. घरातल्या बायकांवर अत्याचार झाले. वाचली ती दोघे, आई आणि तिचा एक मुलगा, दोघेही जखमी. पुढे सहा जणांना पकडले. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे गरीब लोक. आईने आणि मुलाने कोर्टात त्यांना ओळखले. 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले.

आता सांगा, त्या माउलीच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याचे धाडस कोणाला होईल? तिने डोळ्यांसमोर आपले कुटुंब जाताना पाहिले होते. तिला खोटे बोलायचे काही कारण नव्हते.

पण कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर काय दिसले? घटनेनंतर दोनच दिवसांनी, 7 जूनला, त्याच आईने पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तसा जबाबही झाला होता. आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते! त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. सरकार पक्षाने ही गोष्ट खटल्यात दडवून ठेवली. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निकाल मागे घेतला, अपील पुन्हा ऐकले, आणि 5 मार्च 2019 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. अशा भयंकर गुन्ह्यांत निरपराध गरिबांना गोवले जाणे अशक्य नाही, असेही न्यायालयाने म्हटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती.

या खटल्यातून धडा काय घ्यायचा? आईने मुद्दाम खोटे सांगितले, असा मुळीच नाही. भयानक रात्री पाहिलेला चेहरा आधीच धूसर असतो. मग पकडलेली माणसे समोर येतात. 'हेच ते' असे वातावरण असते. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, की त्या रात्रीच्या धूसर चेहऱ्याच्या जागी हा नवा, स्पष्ट चेहरा येऊन बसतो. मग कोर्टात ओळख पटते ती नेमकी कुणाची? अमेरिकेत पुढे डीएनए तपासणीने जे कैदी निरपराध ठरले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची ओळख चुकलेली निघाली. म्हणून न्यायालय पहिल्या ओळखीला महत्त्व देते, आणि ती पहिली ओळख पुढे आणणे हे तपास करणाऱ्यांचे कर्तव्य असते. ते झाले नाही, तर खऱ्या साक्षीदाराच्या तोंडून अन्याय घडतो. आणि अन्याय दोन घरांवर होतो. एक, जे विनाकारण तुरुंगात सडले त्यांच्यावर. दुसरा, ज्या घरातली पाच माणसे गेली त्यांच्यावर, कारण सहा जण सुटले तेव्हा मारेकरी कोण, हा प्रश्न सोळा वर्षांनी पुन्हा जिथल्या तिथे उभा राहिला. न्यायालयाला पुढील तपासाचा आदेश द्यावा लागला.

पुण्याच्या खटल्यात दुःखाने भर घातली, नांदेडच्या खटल्यात घर आणि शेजार गप्प राहिले, नाशिकच्या खटल्यात पहिला जबाब दडला. न्यायाधीश कितीही शहाणा असला तरी त्याच्यापुढे येते तेवढेच तो तोलणार. ताजवा त्याच्या हातात आहे, पण पारड्यात काय पडते ते तुमच्याआमच्या हातात आहे. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली. सांगायचे ते लवकर सांगा. उशीर झाला म्हणून साक्ष आपोआप खोटी ठरत नाही, पण उशिराचे कारण द्यावे लागते. चार दिवसांत दहा जण भेटतात, दहा गोष्टी कानावर पडतात, आणि पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ होते.

दुसरी. पाहिले तेवढेच सांगा, आणि जे पाहिले नाही तेही सांगा. "अंधार होता, चेहरा दिसला नाही, आवाज ओळखीचा वाटला" हे वाक्य कमी किमतीचे नाही. "दिसला नाही" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या "दिसला" या शब्दाला वजन येते. फौजदार म्हणाले, वकील म्हणाले, भावकीने गळ घातली, म्हणून एक शब्दही वाढवू नका. तो एक शब्द उलटतपासात सापडतो, आणि तुमचे उरलेले खरे बोलणेही त्याच्याबरोबर वाहून जाते.

तिसरी. फिर्याद दिलीत तर ती तुम्हांला वाचून दाखवलीच पाहिजे, मग सही किंवा अंगठा. तिची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. साक्षीदार म्हणून पोलिसांना दिलेल्या जबाबावर मात्र तुमची सही घेत नाहीत. तो जबाब स्वतः पुरावा नसतो, पण तुमच्या कोर्टातल्या बोलण्यात आणि त्यात फरक पडला, की आरोपीचे वकील तो पुढे करतात. म्हणून तो देतानाच नेमके बोला. साक्ष दिल्याने जिवाला धोका वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते; तिच्याकडे अर्ज करता येतो.

चौथी गोष्ट खास शिक्षकांसाठी. घरातल्या खुनात पुष्कळदा एकच साक्षीदार उरतो, आणि तो असतो आठ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. कायद्याने साक्षीला वयाची अट नाही. प्रश्न समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल, तर लहान मूलही साक्ष देऊ शकते. न्यायाधीश आधी त्याला साधे प्रश्न विचारून ते पाहतात. पण मुलाला पढवलेले तर नाही ना, याची न्यायालय फार बारकाईने खात्री करते. असे मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याला खोदून खोदून विचारू नका, आणि इतरांना विचारू देऊ नका. "तुझ्या बाबांनीच मारलं ना?" असा प्रश्न म्हणजे माझ्या वर्गातली ती टोपी झाली. त्याला आपणहून बोलावेसे वाटले तर ऐका, त्याचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा, आणि ते जबाबदार माणसापर्यंत पोचवा.

पुन्हा एकदा त्या टपरीवर जाऊ. पहिला म्हणाला होता, आईनेच सांगितले, आता आणखी कसला पुरावा पाहिजे? आता आपण त्याला म्हणू शकतो, बाबा रे, आईचे म्हणणे मानायचेच, पण ती पहिल्या दिवशी काय म्हणाली, तिने प्रत्यक्ष काय पाहिले, आणि तिच्या म्हणण्याशी डॉक्टरांचा अहवाल, पंचनामा आणि घरातली परिस्थिती जुळते का, एवढे आधी पाहू. त्याला हा उशीर वाटेल. पण त्या घरातल्या गेलेल्या माणसाचा खरा मारेकरी सापडायचा असेल, तर एवढा वेळ दिलाच पाहिजे.